बुरशीच्या बदलत्या रूपांचा वेध घेणारे रेमाँ साबुरो

रुग्णाच्या नमुन्यात कँडिडासारखे रोगकारक यीस्ट आहे का, हे तपासण्यासाठी देशभरातील प्रयोगशाळांत आजही वापरल्या जाणाऱ्या पोषक माध्यमाला फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमाँ साबुरो यांचे नाव आहे.

साबुरो यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६४ रोजी नांत येथे झाला. पॅरिसमध्ये वैद्यकशास्त्र आणि पाश्चर संस्थेत एमिल रू यांच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्यानंतर त्यांनी सेंट लुई रुग्णालयात मुलांच्या डोक्यावरील नायट्याचा अभ्यास सुरू केला. संसर्गाच्या भीतीने अशा मुलांना शाळेची दारे बंद होत आणि उपचार दीर्घकाळ रेंगाळत. या रोगामागे बुरशी असल्याचे डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकात दाखवले होते. विस्मृतीत गेलेले ते संशोधन साबुरो यांनी नव्याने सिद्ध केले.

अन्न बदलले की बुरशीचे रूपही बदलते, त्यामुळे एकाच बुरशीला अनेक नावे मिळण्याचा धोका होता. म्हणून त्यांनी पेप्टोन व माल्टोज शर्करेचे ठरावीक प्रमाण असलेले माध्यम निश्चित केले. तरीही जुन्या वाढीवर आपोआप पांढरे, लोकरीसारखे पुंजके उगवत. त्यांतून वाढणारी बुरशी बीजाणू निर्माण करण्याची क्षमता गमावत असे आणि सहसा मूळ रूपात परतत नसे. हा बदल टाळण्यासाठी साबुरो यांनी जतनाकरिता शर्कराविरहित माध्यम वापरले. त्यांचा ‘ले तेन्य’ हा बृहद्ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

१९०४ मध्ये त्यांनी मोजून दिलेल्या क्ष-किरणांनी केस गळवून नायटा बरा करण्याची पद्धत रूढ केली. उपचारांचा काळ काही महिन्यांवर आला आणि मुले शाळेत परतू लागली. मात्र अशा किरणोपचारांमुळे पुढे ट्यूमरचा धोका वाढतो, हे अनेक दशकांनंतर स्पष्ट झाले. १९५० च्या दशकाअखेरीस ग्रिसिओफुल्विन हे औषध उपलब्ध झाल्यावर ही पद्धत मागे पडली.

शिल्पकलेतही रमणाऱ्या साबुरो यांचे ४ फेब्रुवारी १९३८ रोजी पॅरिसमध्ये निधन झाले. १९८५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कँडिडा अल्बिकन्स हे यीस्टही आपल्या वसाहतींचे रूप आपोआप बदलते, असे दाखवले. या यीस्टमधील बदल मात्र उलटही फिरू शकतो. त्यामुळे एकाच रुग्णाच्या नमुन्यात वेगवेगळ्या दिसणाऱ्या वसाहती आढळल्या, तरी त्या भिन्न जातींच्या असतीलच असे नाही. केवळ बाह्य रूपावरून बुरशीची ओळख ठरवण्यातील जो धोका साबुरो यांनी जाणला होता, तो आजच्या निदानातही कायम आहे.