पंडिता रमाबाई : बऱ्या-वाईट दिवसांतील सेवा

शिरूर व दौंड तालुक्यांतील आमच्या वाचकांस केडगांवचें मुक्तिसदन ठाऊकच आहे. तें ज्यांनीं उभारलें त्या पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे आम्ही आज एकाच दृष्टीनें पाहणार आहों. दिवस कसेही आले तरी हातचें काम न सोडणें त्यांस कसें साधलें?

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें व त्या माउलीनें तें कन्येस दिलें. पुढें दारिद्र्यांत व दुष्काळांत आईबाप गेले. भावासह देश पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० सालीं भाऊ वारला आणि १८८२ सालीं पतीही कॉलऱ्यानें गेले. पदरीं तान्ही मनोरमा होती. तरी त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें. थोर सुधारक त्यांचे सल्लागार होते. परंतु १८९३ सालीं धर्मांतराचा बोभाटा झाला, सल्लागार निघून गेले आणि पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या. बाईंनीं राहिलेल्या मुलींचे वर्ग चालूच ठेविले.

पुढें संस्थेस उत्पन्न व्हावें म्हणून त्यांनीं केडगांवीं जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडें लाविलीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं निराधार मुली आणिल्या, आणि पुण्यांत प्लेगची धास्ती असतां हीच जमीन त्यांचा आसरा झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. येणारीस केवळ अन्न न देतां शेती, विणकाम, छापखाना असें कांहीं ना कांहीं काम शिकविलें जाई.

उतारवयांत ऐकूं येईनासें झालें, तरी खेड्यांतल्या बायकांस समजेल अशा सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर करण्यास त्या बसल्या. त्यासाठीं त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. जिच्या हातीं सर्व सोंपवावयाचें तीच गेली. तरी भाषांतराचें काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ सालीं तें संपूर्ण बायबल छापून निघालें.

यावरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. मन उल्हसित होईल तेव्हां काम करूं, असें बाईंनीं म्हटलें नाहीं. प्रार्थना करून समोरचें काम उचललें. आणि बरे दिवस होते तेव्हां त्यांनीं पुढच्या दिवसांसाठीं विहिरी खणून ठेविल्या. ज्या उपदेशक बंधूच्या शाळेंत आज पांचच मुलें आहेत, त्यानें उद्यां त्या पांचांचा धडा नेमानें घ्यावा. आणि ज्याच्या मंडळींत आज भरभराट आहे, त्यानें आपली विहीर आतांच खणावी.