लक्ष्मीबाई टिळक : संसारातील ख्रिस्तधर्म

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काव्याकडे वळते, आणि लक्ष्मीबाईंचे नाव त्यांच्या पाठोपाठ, ‘स्मृतिचित्रे’च्या विनोदाच्या निमित्ताने घेतले जाते. हा क्रम वाङ्मयेतिहासाच्या सोयीचा असला तरी न्याय्य नाही. टिळकांनी ख्रिस्तधर्म स्वीकारला तो चिंतनाअंती. लक्ष्मीबाईंना तो चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी, आजाऱ्याच्या अंथरुणापाशी पारखून घ्यावा लागला. त्यांच्या चरित्राचे महत्त्व या दुसऱ्या मार्गात आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याने त्या घराचे सारे जीवन ग्रासून टाकले होते. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे, इतक्या टोकाला ते गेले होते. या बालपणाची हकिकत पुढे लक्ष्मीबाईंनी हसतहसत सांगितली, म्हणून तिचे गांभीर्य कमी होत नाही. स्पर्शाची ही भीती ज्या मुलीच्या अंगात लहानपणापासून मुरली, तिलाच पुढे कोणाच्याही हातचे अन्न आणि कोणाचेही आजारी मूल आपले मानावयाचे होते.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, वक्ते, विद्याव्यासंगी आणि व्यवहारात सर्वस्वी बेभरवशाचे. एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच याची शाश्वती नव्हती. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, पतीच्या लहरीप्रमाणे तुटक तुटक.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांची गाठ पडली आणि त्याने दिलेल्या नव्या कराराच्या वाचनातून त्यांचा मार्ग बदलला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर हा आघात होता. पती जिवंत असून संसार संपला, सौभाग्य असून ते सांगण्याची चोरी, अशी त्यांची अवस्था झाली. लहानग्या दत्तूला घेऊन बहीण व मेहुणे यांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांनी काही वर्षे काढली. या काळात टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही, ही गोष्ट टिळकांच्या चरित्रकारांनी गौरवाने नोंदविली आहे. ती यथार्थ आहे. पण त्या सक्तीवाचूनच्या काळात लक्ष्मीबाईंनी जे सोसले, त्याची नोंद तितक्या आस्थेने झालेली नाही.

पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत होते आणि त्यांची सीमारेषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जात होती. ती पुसली गेली ती प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच घातला आणि उत्तर मिळताच त्याप्रमाणे वागण्यास त्या कचरल्या नाहीत. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, हा निर्णय त्यांनी आधी घेतला. ख्रिस्तावरील श्रद्धेचा उच्चार त्यानंतरचा. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आचार आधी आणि मत मागाहून, असा हा क्रम धर्मांतराच्या रूढ कथनांना छेद देणारा असून त्याची पुरेशी चिकित्सा मराठीत व्हावयास हवी होती.

तो काळ छप्पन्नच्या दुष्काळाचा आणि प्लेगचा. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला पोरकी मुले येत होती. टिळकांच्या घरीही निराधारांचा राबता सुरू झाला. मुलांना घरी आणण्याचे श्रेय बहुधा टिळकांचे असे. त्यांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या डोक्यातील उवा काढणे, आहे त्या पिठात सर्वांच्या भाकरी बसविणे आणि आजारपणात जागणे हे काम लक्ष्मीबाईंचे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळावयाची तर रोज किती पीठ लागते, हे या घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होते. टिळकांच्या औदार्याविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंच्या लेखणीत कौतुक आणि कुरकुर एकत्र नांदतात. ही कुरकुर केवळ विनोदाची सामग्री समजणे हा वाचनातील दोष होय. संसाराचा हिशोब ठेवणारी स्त्री धर्माचाही हिशोब मागते आहे, हे त्यातून ऐकू यावयास हवे.

याच घरात बालकवी ठोंबरे काही काळ राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागविले. हा तरुण अखेरपर्यंत हिंदूच राहिला आणि त्यामुळे या घराच्या मायेत उणेपणा आल्याचे दिसत नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. त्यानंतर अवघ्या वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. तत्पूर्वी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला होता. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याची ती कल्पना होती. घराची मिळकत थांबविणारा तो निर्णय होता, हेही विसरता येत नाही.

वैधव्यानंतरच्या काळात लक्ष्मीबाईंचे वास्तव्य काही वर्षे मुलाच्या कुटुंबासमवेत कराचीस झाले. टिळकांचे चरित्र सिद्ध व्हावे म्हणून देवदत्त यांनी आईकडे आठवणींचा आग्रह धरला आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ आकाराला आली. चरित्राचे साधन म्हणून जे लेखन सुरू झाले, ते लेखिकेचे आत्मचरित्र होऊन बसले. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. लक्ष्मीबाईंचा शुद्धलेखनाशी फारसा परिचय नव्हता. बोलण्याची लय त्यांनी लिहिण्यात जशीच्या तशी येऊ दिली आणि मराठी गद्याला एक नवी वाट सापडली.

मात्र ‘ख्रिस्तायन’कडे समीक्षेने जवळजवळ पाठ फिरविली आहे. टिळकांनी १९०९ साली आरंभिलेले हे ख्रिस्तचरित्र दहा अध्यायांच्या आसपास थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्णतेस नेले. शाळेत न गेलेल्या स्त्रीने पतीचे अपुरे काव्य पुरे केले, एवढ्या कौतुकावर अभ्यासक थांबतात. वस्तुतः ग्रंथाचा फार मोठा भाग तिचा आहे, आणि जात्यावरच्या गीतांतून स्त्रियांच्या ओठी रुळलेली ओवी तिला परकी नव्हती. ज्या येशूची कथा ती सांगत होती, तो भुकेल्यांना जेवू घालणारा आणि रोग्यांना स्पर्श करणारा होता. या दोन्ही कृती तिने वर्षानुवर्षे स्वतः केल्या होत्या. या अनुभवाचे ठसे त्या ६४ अध्यायांत कोठे व कसे उमटले आहेत, याची तपासणी टिळकांच्या अध्यायांशी ताडून व्हावयास हवी.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तेव्हा अपुरा होता. तो देवदत्त यांनी पूर्ण केला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रकाशित झाले.