दात पडलेली फिलिस

फिलिस व्हीटली ही अमेरिकेतली फार मोठी कवयित्री होऊन गेली. गुरुजींनी परिपाठाला तिची गोष्ट सांगितली. मी ती घरी जाऊन आजीलापण सांगितली.

फिलिस मूळची आफ्रिकेची. लहानपणीच तिला आईपासून तोडून जहाजात घातलं. ११ जुलै १७६१ रोजी ते जहाज बोस्टनला लागले. तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. तिचे पुढचे दात पडलेले होते, त्यावरून लोकांनी अंदाज केला की पोरगी सात-आठ वर्षांची असेल. माझ्या धाकट्या बहिणीचेपण आत्ताच दात पडलेत. ती अजून आईशिवाय झोपत नाही.

जॉन व्हीटली नावाच्या शिंप्याने तिला बायकोच्या हाताखाली कामाला विकत घेतले. बाजारात बैल घेतात तसं! जहाजाचे नाव फिलिस होते, तेच तिला ठेवले. म्हंजे यष्टीचं नाव पोरीला ठेवल्यासारखं झालं.

बोस्टन हे बंदराचे गाव. वस्ती पंधरा-सोळा हजार. पुष्कळ घरे लाकडाची, पाणी विहिरीचे, आणि थंडीत बर्फ पडे म्हणून घरात चूल पेटती ठेवावी लागे. व्हीटलींचे घर किंग स्ट्रीटवर होते. तो रस्ता सरळ बंदराच्या धक्क्यापर्यंत जाई.

फिलिस भिंतीवर कोळशाने अक्षरे काढायची असं सांगतात. (आम्ही काढली तर मार बसतो.) मग मालकाच्या मुलीने तिला शिकवलं. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण दीड वर्षाच्या आत ती बायबल घडाघडा वाचू लागली. पुढे लॅटिनपण शिकली. आईची एकच आठवण तिच्याजवळ राहिली होती म्हणे. सकाळी आई उगवत्या सूर्यापुढे पाणी ओतायची. हे ऐकून माझी आजी गप्पच बसली, कारण ती रोज सूर्याला पाणी देते.

१७६५ साली इंग्रज सरकारने वर्तमानपत्रावर अन् कागदपत्रावर कर बसवला. लोक चिडले. तो कर पुढच्या वर्षी काढला, पण मग दुसरे कर आले. १७६८ साली गोरे शिपाई धक्क्यावर उतरले आणि किंग स्ट्रीटवरून चालत गेले. १७७० च्या फेब्रुवारीत सरकारच्या बाजूच्या एका माणसाने गोळी झाडली, त्यात ख्रिस्तोफर सायडर हा पोरगा मेला. तो आमच्यापेक्षा थोडाच मोठा होता. फिलिसने त्याच्यावर कविता लिहिली. पुढच्याच महिन्यात, ५ मार्चला, किंग स्ट्रीटवरच शिपायांनी गर्दीवर गोळ्या घातल्या. पाच माणसे गेली.

सगळं गाव स्वातंत्र्य पाहिजे म्हणून ओरडत होतं, आणि त्याच गावात माणसे विकत मिळत होती. मला हे काही पटत नाही. फिलिसलापण पटलं नाही. तिने तसे पत्र लिहिले, ते १७७४ साली वर्तमानपत्रात छापून आले.

तिचे कवितांचे पुस्तक बोस्टनमध्ये छापायला जमले नाही, ते १७७३ साली लंडनला छापले. ती तेव्हा वीस वर्षांची असेल. आता गंमत ऐका. तिची पुस्तके ज्या डार्टमथ जहाजातून बोस्टनला आली, त्याच जहाजात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा होता. आपल्या राजापूरला जिची वखार होती, तीच ही कंपनी! चहावर कर होता म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री लोकांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला. पुस्तके मात्र वाचली.

त्याच सुमारास मालकाने तिला गुलामीतून सोडले. १७७५ ला लढाई सुरू झाली. तिने जॉर्ज वॉशिंग्टन यांना कविता पाठवली आणि त्यांचे उत्तरपण आले. १७७८ ला तिचे लग्न झाले. नंतर फार गरिबी आली. दुसऱ्या पुस्तकाच्या कविता तयार होत्या, पण छापायला पैसे जमले नाहीत आणि ती वही हरवली. ५ डिसेंबर १७८४ रोजी फिलिस वारली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

आजीने मला विचारले की तिच्या आईने ठेवलेले नाव काय होते. मी गुरुजींना विचारले. ते कुणी लिहूनच ठेवले नाही.