‘सायबर’ हा शब्द ज्याच्यामुळं आला, त्या प्राध्यापकानं एआयचा धोका ७५ वर्षांपूर्वीच ओळखला होता

सायबर कॅफे बघता बघता गायब झाले, पण सायबर हा शब्द काही गेला नाही. ओटीपी सांगितला आणि खात्यातले पैसे उडाले की आपण सायबर पोलिसांकडं धाव घेतो. सायबर क्राईम, सायबर सिक्युरिटी, सायबर अटॅक, रोज एक तरी बातमी असतेच.

हा शब्द आला कुठून? तर एका पुस्तकाच्या नावातून. १९४८ साली आलेल्या या पुस्तकाचं नाव होतं ‘सायबरनेटिक्स’. जहाजाचं सुकाणू धरणाऱ्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव घेतलेलं. म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचा तांडेल. वारा कुठला, लाट कशी, होडी किती भरकटली हे बघत क्षणाक्षणाला दिशा सुधारणारा.

पुस्तकाचे लेखक होते नॉर्बर्ट वीनर, अमेरिकेतल्या एमआयटीमधले गणिताचे प्राध्यापक. गणिती, डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसले तरच विचार करणारं मशीन समजेल, हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं. तरीही एआयचा इतिहास सांगताना बरेच जण त्यांना वगळून थेट १९५६ सालापासून सुरुवात करतात. असं का झालं, त्याचीच ही गोष्ट.

अठराव्या वर्षी पीएचडी

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ चा, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या गावातला. वडील लिओ वीनर पुढं हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. पोराला आपणच घडवायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. उत्तर चुकलं की वडिलांचा आवाज चढायचा आणि शिकवणी पोराच्या रडण्यात संपायची.

निकाल मात्र थक्क करणारे होते. अकराव्या वर्षी हायस्कूल संपलं. चौदाव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजची गणिताची पदवी मिळाली. अठराव्या वर्षी हार्वर्डची पीएचडी. पण कौतुक राहिलं बाजूला, वडील जाहीरपणे सांगत की पोरगं मुळात साधारणच आहे, ही सगळी किमया माझ्या शिकवण्याची. हे वाक्य वीनर यांना आयुष्यभर सलत राहिलं.

आकडे बघून वाटतं की गडी सरळ रेषेत गेला असेल. तसं झालं नाही. पदवीनंतर त्यांनी प्राणिशास्त्र घेतलं. नजर अधू आणि हात धांदरट, त्यामुळं प्रयोगशाळेत जमलं नाही. मग तत्त्वज्ञान, मग गणिती तर्कशास्त्र. केंब्रिजला जाऊन बर्ट्रांड रसेल यांच्याकडं शिकले. मधल्या काळात विश्वकोशासाठी लिहिलं, बॉस्टनच्या वर्तमानपत्रात नोकरी केली, लष्करासाठी तोफांच्या माऱ्याची कोष्टकं मांडली. १९१९ साली एमआयटीत नोकरी लागली आणि तिथंच ते शेवटपर्यंत राहिले. गोव्यात जन्मलेले आपले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२० च्या दशकात हार्वर्डला शिकत होते, तेव्हा त्यांची आणि वीनर यांची चांगली ओळख झाली होती.

बाहेरून बघणाऱ्याला ही धरसोड वाटेल. पण प्राणिशास्त्र, तत्त्वज्ञान आणि गणित या तिन्ही घरांत पाय ठेवून आलेला माणूस एमआयटीत दुसरा कोण होता? ते सिगार ओढत कॅम्पसभर फिरायचे, वाटेत दिसेल त्या विभागात शिरायचे आणि समोर जो असेल त्याच्याशी डोक्यातल्या विषयावर बोलायला लागायचे.

डॉक्टरांसोबतचं जेवण आणि विमानाचा नेम

हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये आर्तुरो रोझेनब्ल्यूथ नावाचे मेक्सिकन शरीरशास्त्रज्ञ होते. दर महिन्याला ते एक बैठक भरवायचे. आधी गोल टेबलाभोवती जेवण, मग कुणीतरी आपलं संशोधन मांडायचं आणि बाकीचे त्याची चिरफाड करायचे. कुणाची गय नाही. वीनर तिथं नेमानं जाऊ लागले आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. विज्ञानातली सुपीक जमीन दोन विषयांच्या बांधावर आहे आणि तिथं कुणी नांगर घालत नाही.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. वीनर आणि इंजिनियर ज्युलियन बिगेलो यांच्याकडं काम आलं विमानविरोधी तोफांचं. तोफेतून सुटलेला गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढं निघून जातं. म्हणजे नेम धरायचा तो विमान आत्ता आहे तिथं नाही, तर काही सेकंदांनी असेल तिथं. त्यासाठी आतापर्यंतच्या हालचालीवरून पुढची हालचाल वर्तवायची. मागचं बघून पुढचं वर्तवणं, हेच आजचे चॅटबॉट पुढचा शब्द ठरवताना करतात. तंत्र वेगळं आहे, पण प्रश्न त्याच घराण्यातला.

काम करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. नेम किती चुकला ही माहिती परत यंत्राला मिळाली पाहिजे, तरच ते सुधारेल. यालाच फीडबॅक म्हणतात. आपला गीझर हेच करतो. पाणी तापलं की बंद, गार झालं की चालू. पण ही दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली तर यंत्र इकडून तिकडं हेलकावे खायला लागतं.

इथं वीनर यांनी आपल्या डॉक्टर मित्राला विचारलं, माणसात असं काही होतं का? रोझेनब्ल्यूथ यांचं उत्तर तयार होतं. लहान मेंदूला इजा झालेला रुग्ण ग्लास उचलायला गेला की त्याचा हात असाच हेलकावे खातो. तोफ आणि हात, दोन्हीकडं एकच गणित होतं. १९४३ साली तिघांनी मिळून यावर निबंध छापला. त्याच वर्षी मेंदूशास्त्रज्ञ वॉरन मॅककलक आणि त्यांचा तरुण साथीदार वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या पेशींचं जाळं गणितात मांडलं. आजच्या न्यूरल नेटवर्कचं मूळ तिथं आहे. या पिट्सकडं कुठलीही रीतसर पदवी नव्हती. वीनर यांनी त्याची हुशारी बघून त्याला एमआयटीत आणलं.

प्रसिद्धी आली आणि नकारही आला

हिरोशिमा आणि नागासाकीनंतर वीनर अस्वस्थ झाले. विमान बनवणाऱ्या एका कंपनीतल्या संशोधकानं त्यांच्याकडं युद्धकाळातल्या अहवालाची प्रत मागितली. वीनर यांनी साफ नकार दिला आणि ते पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात छापूनही आलं. बेजबाबदार लष्करी हातात जाईल असं काम यापुढं आपण छापणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यापीठांमध्ये लष्कराचा पैसा पाण्यासारखा येत होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी ‘सायबरनेटिक्स’ आलं. समीकरणांनी भरलेलं असूनही ते तुफान खपलं. त्यात एक इशारा होता. पहिल्या औद्योगिक क्रांतीनं माणसाच्या हाताची किंमत पाडली, आता येणारी क्रांती डोक्याची किंमत पाडेल, निदान साध्यासुध्या निर्णयांपुरती तरी.

वीनर नुसतं लिहून थांबले नाहीत. १९४९ साली त्यांनी अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून कळवलं की स्वयंचलित कारखाने येणार आहेत, कामगारांनी आत्ताच तयारीला लागावं. आज नोकऱ्या जाणार का यावर जी चर्चा चाललीय, ती एका प्राध्यापकानं ७५ वर्षांपूर्वी थेट कामगार नेत्याकडं नेली होती.

आणि टेबल मोडलं

१९५२ च्या सुमारास मॅककलक एमआयटीत आले. गणित, मेंदू आणि यंत्र यांचा अभ्यास करणारी माणसं एकाच छताखाली जमली. विषय रंगणार, इतक्यात वीनर यांनी मॅककलक, पिट्स आणि त्यांच्या साथीदारांशी संबंध तोडून टाकले. कारणही सांगितलं नाही. चरित्रकारांच्या मते, घरातून त्यांच्या कानावर घातलेली एक खोटी गोष्ट त्यामागं होती. ती खरी की खोटी, हे त्यांनी समोरच्यांना कधी विचारलंच नाही.

फीडबॅकचं विज्ञान जगाला शिकवणाऱ्या माणसानं आपल्याच मित्रांकडून फीडबॅक घेतला नाही.

सगळ्यात मोठा फटका बसला पिट्सला. वीनर त्याला वडिलांच्या जागी होते. त्यानं आपलं अप्रकाशित संशोधन जाळून टाकलं, दारूत बुडाला आणि १९६९ साली गेला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

याच दरम्यान तरुण संशोधकांची नवी फळी पुढं आली. १९५६ साली डार्टमथ कॉलेजात त्यांची उन्हाळी कार्यशाळा भरली आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव रूढ झालं. हे नाव शोधणाऱ्या जॉन मॅकार्थी यांनी पुढं मान्य केलं की, सायबरनेटिक्सपासून लांब राहायचं हे त्यामागचं एक कारण होतं. नाहीतर वीनर यांना गुरू माना किंवा त्यांच्याशी वाद घालत बसा, एवढेच पर्याय उरले असते. नव्या नावाखाली मशीन हुशार कसं करायचं यावर भर आला. ते कुणाच्या कामी येणार, हा वीनर यांचा प्रश्न मागं पडला.

स्वतः वीनर त्याच्या थोडं आधी कोलकात्यात होते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९५५-५६ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. याच काळात मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्यासोबत त्यांचं अंदाजाच्या गणितावरचं मोठं काम उभं राहिलं. पुढं वीनर यांचं समग्र लेखन संपादित करून त्यांचं चरित्र लिहिलं तेही मसानींनीच.

कुंभकर्णाचा वर

१८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोममध्ये वीनर यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं ‘गॉड अँड गोलेम’ हे छोटेखानी पुस्तक आलं. त्यातला मुद्दा समजायला आपल्याला कुंभकर्ण पुरेसा आहे. मागायचं होतं इंद्रासन, जीभ वळली निद्रासन म्हणून, आणि देणाऱ्यानं जे ऐकलं तेच दिलं. मशीनही असंच आहे. तुमच्या मनात काय होतं हे ते बघत नाही, तुम्ही काय मागितलं तेवढंच देतं.

आज एआय कंपन्यांमध्ये नेमक्या याच प्रश्नावर काम करणारी माणसं आहेत. विद्यापीठांमध्येही एआयच्या केंद्रात इंजिनियरसोबत डॉक्टर, कायद्याचे आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बसू लागलेत. वीनर यांनी मांडलेलं आणि शेवटी स्वतःच मोडलेलं टेबल आता पुन्हा मांडलं जातंय.