सुब्बाराव यांचं औषध आणि मागे राहिलेल्या पेशी

रक्ताच्या कॅन्सरचे उपचार घेऊन मूल घरी येतं. केस पुन्हा उगवू लागतात, रिपोर्टही चांगला असतो. तरी डॉक्टर अस्थिमज्जेची आणखी एक तपासणी लिहून देतात, एमआरडी. आता हे कशाला, असं पालकांना वाटतं. त्याचं उत्तर शोधायला १९४८ सालात जावं लागतं, आणि तिथं भेटतात आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

जन्म १२ जानेवारी १८९५ चा. घरची गरिबी. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्या खेपेला मद्रासहून पास. मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींचं ऐकून खादीचा पोशाख घालून ऑपरेशनला उभे राहिले. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालची पदवी हाती पडली. थोरले भाऊ पुरुषोत्तम स्प्रू या आतड्याच्या आजारानं गेले होते, ती जखम मनात होतीच. पत्नीला मागे ठेवून सुब्बाराव बोस्टनला गेले ते कायमचेच. पोटासाठी हॉस्पिटलात हलकी कामं केली. हार्वर्डमध्ये फिस्क यांच्यासोबत फॉस्फरस मोजायची पद्धत काढली, पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी शोधला. एवढं करूनही तिथं कायम नोकरी मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले.

तिथं त्यांच्या गटानं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. भावाला नेणाऱ्या स्प्रूवर ते उपयोगी पडलं. पेशी वाढायला हेच जीवनसत्त्व लागतं. मग याच गटानं त्याच्यासारखं दिसणारं, पण काम अडवणारं अमिनोप्टेरिन बनवलं. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्लीच म्हणा. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. जून १९४८ मध्ये छापून आलं, १६ पैकी १० मुलांना आराम पडला. त्याआधी हा आजार म्हणजे काही आठवड्यांचा खेळ होता.

पण आराम टिकला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसायची आणि काही महिन्यांत आजार परतायचा. निदानाच्या वेळी अंगात सुमारे एक लाख कोटी कॅन्सरपेशी असतात. त्यातल्या ९९ टक्के मेल्या तरी एक हजार कोटी उरतात, आणि इतक्या विरळ पेशी नुसत्या डोळ्यानं पकडता येत नाहीत. ताळेबंदात दिसत नाही म्हणून देणं फिटलं, असं होत नाही.

हे पुढचं कोडं सुटताना बघायला सुब्बाराव उरले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, फार्बर यांचा लेख आल्यावर साधारण दोन महिन्यांनी, झोपेतच ते गेले. वय ५३.

आजची एमआरडी तपासणी हीच शिल्लक मोजते. फ्लो सायटोमेट्रीमध्ये पेशींवर रंगीत खुणा चिकटवून त्या लेझरसमोरून एकेक सोडतात, दहा हजारांत एक कॅन्सरपेशी असली तरी सापडते. पीसीआर पेशीतला जनुकीय ठसा शोधतं, तिथं लाखात एकसुद्धा दिसते. पहिल्या महिन्याच्या शेवटी शिल्लक जास्त निघाली तर औषधं वाढवतात, कधी मज्जा प्रत्यारोपणाचा विचार होतो. नाही निघाली, तरी गोळ्या लगेच बंद होत नाहीत. दोनेक वर्षं चालणाऱ्या त्या चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट असते. ती अमिनोप्टेरिनचीच धाकटी बहीण, लेडर्लीच्या त्याच घरातली.