अक्षरांचा कारखानदार : जावजी दादाजी

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

टेक-फेस्टसाठी लॅबमधल्या लिनक्स मशीनवर व्हर्च्युअल कन्सोल लावायचं काम माझ्याकडे आलं. स्क्रीन एक, कीबोर्ड एक, पण कंट्रोल-ऑल्ट धरून एफ-३, एफ-४ दाबलं की प्रत्येक वेळी वेगळं लॉगिन. एकाच चाळीत सहा बिऱ्हाडं म्हणा ना! पूर्वी इनिटटॅब फाइलीत प्रत्येक कन्सोलसाठी गेटीची एक ओळ लिहावी लागे. आता बऱ्याच ठिकाणी सिस्टमडी ते बघतं. हे सगळं जमलं. मग हौस म्हणून इश्यू फाइलीत मराठीत ‘हार्दिक स्वागत’ लिहिलं. स्क्रीनवर आले नुसते चौकोन!

कारण साधं आहे. या कन्सोलच्या फाँटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि प्रत्येक अक्षर आपापल्या ठरलेल्या खणात बसतं. आपली पहिली वेलांटी मेमरीत व्यंजनानंतर येते, पण दिसायला हवी आधी. रफार तर डोक्यावर चढतो. हे जुळवायला कन्सोलकडे कुणीच नाही.

शनिवारी गिरगावात आजोबांकडे रडगाणं गायले. ते हसले आणि कपाटातून एक जुनी संस्कृत पोथी काढली. तिच्यावर छापलं होतं : निर्णयसागर, मुंबई. मग त्यांनी मला जावजी दादाजी चौधरी यांची गोष्ट सांगितली.

जावजींचा जन्म १८३९चा. घरची गरिबी, शाळा फारशी नाही. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले. टाइप म्हणजे शिशाचं उलटं अक्षर. आधी पोलादावर अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं, अँटिमनी, कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. ओतून आलेल्या टाइपाच्या कडा घासून साफ करणं हे सर्वांत खालचं काम. जावजींनी तेच करता करता सगळा धंदा शिकून घेतला. पुढे इंदुप्रकाश छापखान्यातही त्यांनी काम केलं.

१८६४च्या सुमारास त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला. अक्षरं कोरायला जोडीला होते त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, मोठी-लहान धरून बावन्न. आपल्याकडे मात्र काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो टाइप लागतात, आणि प्रत्येकाचा ठसा हाताने कोरायचा! एक जाड, एक बारीक झालं की ओळ बिघडली. या दोघांनी ते इतकं सुबक केलं की निर्णयसागरचा टाइप लांबलांबपर्यंत नावाजला गेला.

१८६९मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. पुढे तो काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीत होता, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ, आणि मला पत्ताच नाही! १८८६पासून त्यांनी ‘काव्यमाला’ काढली. हस्तलिखितांत पडून राहिलेली कितीतरी संस्कृत काव्यं त्यामुळे वाचकांच्या हातात आली. १८९२मध्ये जावजी गेले. मुलगा तुकाराम यांनी छापखाना पुढे चालवला.

मला एक गोष्ट लागली. माझा प्रॉब्लेम तोच होता, जो जावजींचा होता : वेलांटी कुठे बसवायची? तेव्हा खिळे जुळवणारा माणूस ती नजरेने, हाताने योग्य जागी ठेवायचा. माझ्या मशीनला ते कुणीतरी शिकवायला हवं. टाइप घासणारा मुलगा शिकून अक्षरांचा मालक झाला; मी मात्र चौकोन पाहून फाइल बंद केली होती.

फेस्टच्या दिवशी स्क्रीनवर स्वागत इंग्रजीतच राहिलं, खोटं कशाला सांगू? पण मॉनिटरच्या वर एक कागद चिकटवला, स्वतःच्या हाताने मराठीत लिहून. दहावीनंतर पहिल्यांदाच. रफार दोनदा खोडावा लागला.

आता पुढच्या सेमला ग्राफिक्स कन्सोलवर देवनागरी जुळवायचा मिनी-प्रोजेक्ट घेतेय. कुणी येतंय का जोडीला? मला एक राणोजी हवेत!