लक्ष्मीबाई टिळक : संसार, श्रद्धा आणि आत्मभान

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या अभ्यासापूर्वी लेखिकेच्या जीवनाचा परिचय करून घेऊ.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याओवळ्यात त्यांचे बालपण गेले. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तापट सासऱ्यांचा जाच सोसावा लागला. पती प्रेमळ होते. त्यांनीच पत्नीला लिहायला-वाचायला शिकवले. मात्र ते अत्यंत शीघ्रकोपी होते. न सांगता घर सोडून जावे, हाती असेल ते कोणालाही देऊन टाकावे, असा त्यांचा स्वभाव. त्याची झळ लक्ष्मीबाईंनाच लागे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर हा आघातच होता. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आधाराने पंढरपूर आदी ठिकाणी राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला आल्या, तरी आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. पतीने धर्म बदलला म्हणून आपणही बदलावा, हे त्यांना मान्य नव्हते.

परिवर्तन झाले ते स्वतःच्या विचाराने. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नसून माणसाने केला आहे, हे त्यांना उमगले आणि शिवाशिवीचे बंधन त्यांनी स्वतःहून झुगारले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पतीचा स्वभाव पालटला नाही, घरातील चणचणही संपली नाही. पालटले ते लक्ष्मीबाईंचे स्वतःकडे पाहणे. अनाथ मुलांना त्यांनी घरात आसरा दिला. बालकवींनाही या घराने माया दिली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यावर त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी ६४ अध्यायांची भर घालून पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

श्रद्धेने लक्ष्मीबाईंना केवळ सोसण्याचे बळ दिले, असे म्हणणे अपुरे ठरेल. श्रद्धेने त्यांना निर्भय केले. म्हणूनच त्या पतीचे दोष झाकत नाहीत आणि त्यांच्याविषयी कटुताही बाळगत नाहीत. त्यांच्या निवेदनातील प्रसन्न विनोदाचे मूळ या निर्भयतेत आहे.

स्वाध्याय : लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हे पतीचे अनुकरण होते की स्वतंत्र निर्णय? साधार चर्चा करा.